शेळीवालीचं पान

३ मार्च, मंगळवार

आज नऊ वर्षांनी मला डबिंगच्या कामासाठी फोन आला. आधी वाटलं, चुकून लागला. मी दोनदा विचारलं, "नक्की मीच हवी आहे ना?" पलीकडची बाई हसली. ती चित्रपट कंपनीची पर्यवेक्षक. धुक्यातल्या राजकन्येचा कार्टूनपट म्हणे चित्रं स्वच्छ करून पुन्हा लागणार आहे आणि आपल्या भाषेतले आवाज नव्याने भरायचे आहेत.

सत्तावीस वर्षांपूर्वी ती राजकन्या मी बोलले होते. म्हणजे चित्रं परक्या देशातली, तोंड तिचं आणि आवाज माझा. आता राजकन्येसाठी पंचविशीतली मुलगी घेतली आहे, हे बाईंनी फार जपून सांगितलं. मी रडेन अशी धास्ती असावी. माझ्या वाट्याला शेळीवाली म्हातारी आली आहे. एकसष्टाव्या वर्षी मला राजकन्या कोण देणार? शेळी दिली नाही हेच उपकार.

फोन ठेवल्यावर खिडकी लावून घेतली आणि सगळे स्वर लावून पाहिले. वरचे दोन गेलेत. बाकीचे जागेवर आहेत, देवाची कृपा.

७ मार्च, शनिवार

आज दोन मुली भेटायला आल्या होत्या. कार्टूनपट, कॉमिक्स आणि कॉम्प्युटरवरचे खेळ यांचं वेड असलेल्या लोकांचा दरवर्षी मेळावा भरतो, तो या मुली भरवतात. "आम्ही सगळे ठार वेडे आहोत, काकू," असं त्यांनी बसता बसताच सांगून टाकलं, त्यामुळे मला वेगळं काही ठरवायचं उरलं नाही. एकीचे केस निळे. दुसरी कार्टूनपटांतल्या परीकथांच्या नायिकांवर प्रबंध लिहिते आहे. नावं सांगितली होती, पण माझ्या मनात त्या निळी आणि प्रबंधवाली अशाच राहिल्या आहेत.

निळीने माझी राजकन्या मोजून ठेवली आहे. "पूर्ण चित्रपटात ती चौऱ्याऐंशी वाक्यं बोलते. त्यातली एकतीस पक्ष्यांशी. कंबर मानेपेक्षा बारीक. आतडी ठेवते कुठे ही बाई? आणि राजपुत्र धुकं हटवून आत येतो, तिथपासून लग्नाचं विचारेपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. तेवढ्यात माझा चहासुद्धा उकळत नाही."

"सगळं मान्य," प्रबंधवाली म्हणाली. "पण शेवटी ती काय म्हणते?"

मग दोघी एका सुरात म्हणाल्या, "एवढी घाई कसली? विचार करून सांगते."

अगदी माझ्यासारखं म्हणाल्या. 'घाई' वर मी घेतलेली छोटी उसंतसुद्धा तशीच. माझ्या अंगावर काटा आला.

प्रबंधवालीने मग समजावून सांगितलं. मूळ चित्रपटात ती राजपुत्राला म्हणते, हो, हो, मी तर केव्हाची वाट बघत होते. जगातल्या बाकी सगळ्या भाषांत ती हेच म्हणते. फक्त आपल्या भाषेतली राजकन्या विचार करायला वेळ मागते. त्यापुढच्या दृश्यात बर्फ वितळून फुलं आलेली असतात आणि लग्न असतं, त्यामुळे इथल्या मुलींना लहानपणापासून वाटत आलं की तिने अख्खा हिवाळा विचार केला आणि मग हो म्हटलं. आता कंपनी ते वाक्य मुळाबरहुकूम करणार आहे. यांना ते वाचवायचं आहे. त्यासाठी मी बावीस तारखेला मेळाव्यात स्टेजवर यायचं.

"त्या काळात तुम्ही सगळ्यांनी हे धाडस केलंत," प्रबंधवाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "माझं चौथं प्रकरण त्याच्यावरच आहे."

मी म्हटलं, "काळच तसा होता."

म्हणजे कसा होता, हे मला विचारलं असतं तर पंचाईत झाली असती. सुदैवाने दोघींनी माना डोलावल्या. जाताना निळीने माझ्या साडीवर एक बिल्ला लावला. त्याच्यावर शेळी आहे आणि खाली 'विचार करून सांगते'. मी तो संध्याकाळपर्यंत काढला नाही.

९ मार्च, सोमवार

वहीत तरी खरं लिहावं.

धाडस कसलं नि काय. पानांची अदलाबदल झाली होती. तेव्हा काम असं चालायचं की चित्रपटाचे छोटे छोटे तुकडे पडद्यावर लावायचे, प्रत्येक तुकड्याच्या संवादाचं एक पान, आणि आपण तोंड जुळवून बोलायचं. तुकडे ओळीने नसायचेच. त्या दिवशी स्टुडिओ संध्याकाळी दुसऱ्यांना द्यायचा होता, सगळी घाई. पानांवर क्रमांक टाकायला कुणाला वेळ नव्हता. बायकांचे पाच आवाज मी एकटीनेच दिले, राजकन्या आणि शेळीवाली दोन्ही माझ्याच. घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून लेकीला सोबत नेलं होतं. सात वर्षांची होती. माझ्या स्टुलाशी जमिनीवर बसून एकेक पान मला द्यायची, कागदाचा आवाज होऊ न देता. ध्वनिमुद्रक म्हणाला होता, हिला नोकरीवरच ठेवतो.

चित्रपटात एक व्यापारी म्हाताऱ्या शेळीवालीला विचारतो, ही शेळी विकणार का? तिचं उत्तर होतं, "एवढी घाई कसली? विचार करून सांगते." ते मी राजकन्येच्या तोंडी बोलले. आणि राजकन्येचं "हो, हो, मी तर केव्हाची वाट बघत होते" हे शेळी विकणाऱ्या म्हातारीच्या तोंडी गेलं. दोन्ही ठिकाणी उत्तर बसलं, ओठ जुळले, ध्वनिमुद्रक म्हणाला, "ओके, पुढचं." कुणाला शंका आली नाही. चित्रपट लागल्यावर भाषांतरकारांचा फोन आला. "बाई, माझ्या राजकन्येचं ठरलेलं लग्न तुम्ही मोडलंत." मी रडले होते. पण तोवर चित्रपट गावोगाव पोचला होता.

आता यातलं मुलींना काय सांगू? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं एक मन म्हणतं. आणि खरं सांगायचं तर मला त्या मुलींच्या डोळ्यांतला तो आदर फार आवडला. नऊ वर्षांत माझ्याकडे तसं कुणी पाहिलं नव्हतं.

११ मार्च, बुधवार

लेक आली होती. ती श्रवणयंत्रं दुरुस्त करते, पलीकडच्या वस्तीत एकटी राहते. पंधरवड्यातून एकदा येते, माझे बल्ब, नळ, फोन बघते आणि जाते. आमचं भांडण नाही. बोलणं कमी आहे, एवढंच. सहा वर्षांपूर्वी एका चांगल्या दंतवैद्याने तिला मागणी घातली, हिने आठ महिने घेतले आणि नाही म्हणाली. ते आठ महिने मी तिच्याशी धड बोलले नव्हते. तेव्हापासून जे आखडलं ते आखडलंच.

बिल्ला बघून ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी तिला मेळाव्याचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझ्या हातून मूर्खपणाने पानं बदलली आणि आता मिरवायची वेळ आली आहे."

"तुझ्या हातून नाही बदलली," ती म्हणाली.

"मग काय पानांना पाय फुटले?"

ती उठून आत गेली. बराच वेळ स्वयंपाकघरातला नळ खोलत बसली. तो गळतही नव्हता. निघताना म्हणाली, "बावीसला मी येते तुझ्याबरोबर. गर्दी असते." तिला कुठे ठाऊक तिथे किती गर्दी असते. पण बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

पर्यवेक्षक बाईंचा फोन. त्यांना मेळाव्याचं कळलं आहे. गोड बोलून त्यांनी माझ्याकडून पानांची गोष्ट काढून घेतली. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं, मला कुणाला तरी सांगायचंच होतं.

बाई इतक्या खूश झाल्या की मला धडकी भरली. "तुम्ही एवढंच स्टेजवर सांगा. ती चूक होती, आता दुरुस्त होते आहे. आमचं काम सोपं होईल. शेळीवाली तुमचीच आहे, ते वेगळं सांगायला नको."

वेगळं सांगायला नको म्हणून त्यांनी ते दोनदा सांगितलं.

१८ मार्च, बुधवार

झोप नीट नाही. गप्प बसले तर मुलींना फसवलं. खरं बोलले तर त्यांचं वाक्य माझ्याच तोंडाने मारलं, वर लोक म्हणणार, म्हातारीने शेळीसाठी राजकन्या विकली. इकडे आड, तिकडे विहीर.

मला ती शेळीवाली हवी आहे. हेही लिहून ठेवते. रोज सकाळी तिचा आवाज काढून बघते. खालची शेजारीण काल विचारत होती, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का.

२२ मार्च, रविवार

सगळं सुचेल तसं लिहिते.

मेळावा एका भल्यामोठ्या प्रदर्शन सभागृहात होता. दारापासूनच माझी मान वळून वळून दुखायला लागली. पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला एक गृहस्थ जिन्यावर चढता येत नाही म्हणून मित्रांच्या खांद्यांवर आडवा होऊन वर गेला. ड्रॅगनच्या वेषातल्या एका मुलीने मला तिच्या शेपटीवरून जपून पलीकडे नेलं. धुक्यातल्या राजकन्या मी अकरा मोजल्या. एक चांगली धिप्पाड होती आणि तिच्या झग्याला खिसे होते. एक राजकन्या दाढीवाली होती. एकीच्या कडेवर तान्हं बाळ होतं, त्याला छोटी शिंगं लावून शेळी केलेलं. इतक्या आनंदात असलेली माणसं एका जागी मी फार दिवसांनी पाहिली. कुणी कुणाला हसत नव्हतं.

लेक माझं कोपर धरून चालली होती. तिला कुठे जायचं, कुठे वळायचं, सगळं माहीत होतं. तिकीट बघणारी मुलगी तिला म्हणाली, "या वर्षी उशीर?" कुणाशी तरी गफलत झाली असेल.

सभागृहात चारशे माणसं. पर्यवेक्षक बाई तिसऱ्या रांगेत. आधी पडद्यावर तो तुकडा दाखवला. राजपुत्र गुडघा टेकतो, विचारतो, माझी राणी होशील? आणि माझा आवाज यायच्या आत चारशे माणसं म्हणाली, "एवढी घाई कसली? विचार करून सांगते." माझा आवाज मला ऐकूच आला नाही. नंतर शेळीवालीचा तुकडा लागला, तेव्हा "हो, हो, मी तर केव्हाची वाट बघत होते" यावर त्याहून मोठा गलका. शेळी विकायला एवढी आतुर झालेली म्हातारी त्यांना फार प्रिय आहे.

मग प्रबंधवालीने माझी ओळख करून दिली. 'धाडस' हा शब्द तीन वेळा आला. तिसऱ्या वेळी माझ्याच्याने राहवेना. माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं. घाई, क्रमांक नसलेली पानं, भाषांतरकारांचा फोन, सगळं. "मुलींनो, मी काही धाडस केलं नाही. हातात आलं ते पान वाचलं. तुम्ही मला मान दिलात तो मी पंधरा दिवस फुकट वापरला, त्याबद्दल माफ करा."

प्रबंधवालीचा चेहरा पांढरा पडला होता. तिसऱ्या रांगेत बाई हसल्या. ते हसणं बघून मला चीड आली आणि ठरवलं नव्हतं ते बोलले.

"कंपनीच्या बाई इथे बसल्या आहेत. त्यांच्यासमोरच सांगते. चूक ती चूक. पण आता तुम्ही ती दुरुस्त करू नका. यांच्यापैकी कितीजणी त्या चुकीवर वाढल्या आहेत बघा. मला शेळीवाली दिली नाही तरी चालेल."

शेवटचं वाक्य खोटं होतं. पण ते म्हणायला हवं होतं.

मग ती बाळवाली राजकन्या उभी राहिली. म्हणाली, "काकू, आम्हाला काय ठाऊक ते पान कुणाचं होतं. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की 'हो' आणि 'नाही' यांच्यामध्ये बसायला जागा असते. मी तिथे दोन वर्षं बसले. मग हे बाळ आणि त्याचा बाबा आले." लोक टाळ्या वाजवायला लागले. बाळ दचकून रडायला लागलं आणि सगळी सभा त्याला गप्प करायला धावली. निळी माझ्या कानात म्हणाली, "म्हणजे तो शहाणपणा शेळीवालीचा होता. मला वाटलंच होतं, त्या राजकन्येत एवढी अक्कल नाही."

प्रबंधवाली मात्र निघताना एवढंच म्हणाली, "माझं चौथं प्रकरण बुडालं, काकू." मी तिचा हात धरून ठेवला. दुसरं काय करणार?

लेक मागच्या दाराशी उभी होती. डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, धुक्यासाठी तो धूर सोडतात ना, त्याने.

२५ मार्च, बुधवार

पर्यवेक्षक बाईंचा फोन. मी मनाची तयारी करून उचलला.

"वाक्य ठेवतोय," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाषणामुळे नाही हं. मी त्या सभागृहात बसले होते. थिएटरात लोक ते मोठ्याने म्हणणारच. आम्ही तिथे 'हो' टाकलं तर ते कुणाला ऐकूसुद्धा यायचं नाही. वर माझ्या डोक्यावर पॉपकॉर्न पडेल ते निराळंच." मग थांबून म्हणाल्या, "माझी बहीणही ते वाक्य म्हणते. मला ते त्या चित्रपटातलं आहे हे रविवारी कळलं."

शेळीवाली माझीच. सोमवारी दहा वाजता. मी फोन ठेवून आधी देवाचे आभार मानले, मग त्या दाढीवाल्या राजकन्येचे, निळीचे, बाळाचे, सगळ्यांचे, नावं माहीत नसतानाही, मानले. दुपारी प्रबंधवालीने कळवलं, प्रकरण बुडालं नाही. नव्याने लिहिते आहे, एका चुकीला इतक्या बायकांनी सत्तावीस वर्षं कशी वाढवली, त्याच्यावर. पहिल्यापेक्षा बरं होईल म्हणते. मी म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो.

२६ मार्च, गुरुवार

लेक आज न सांगता आली. बल्ब वगैरे काही बघितला नाही. खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता वाक्य राहणार आहे ना? मग सांगते. आई, ती पानं मी बदलली."

मी म्हटलं, "अगं, सात वर्षांची होतीस. हातून सांडली असतील."

"सांडली नाहीत. वाचून बदलली."

ती पायाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून बोलत होती, लहानपणी बोलायची तशी.

"राजकन्येच्या पानावर होतं, हो, हो. आणि तो माणूस तर तिला आत्ताच भेटला होता. तू मला रोज शाळेत सोडताना सांगायचीस, ओळख ना पाळख, कुणी काही मागितलं, कुठे चल म्हटलं, तर लगेच हो म्हणायचं नाही. विचार करून सांगते म्हणायचं आणि सरळ घरी यायचं. मला वाटलं, हिला कुणी सांगितलंच नाही वाटतं. मग खालच्या पानावर शेळीवालीचं बरोबर तेच वाक्य दिसलं. म्हातारीने हो म्हटलं तर चालेल असं वाटलं. ती मोठी होती."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"फोन आला तेव्हा तू रडलीस. मला वाटलं, माझ्यामुळे तुझं काम जाणार."

मी हसायला लागले. ठसका लागेपर्यंत हसले, तीही हसली. मग पाणी प्यायला म्हणून आत गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले, कारण मला तो दंतवैद्य आठवला होता. चार भेटींनंतर त्याने विचारलं आणि माझ्या मुलीने त्याला सांगितलं, विचार करून सांगते. तेव्हा याच ओट्यापाशी मी तिच्यावर ओरडले होते. हे असलं तुला शिकवलं कुणी, असं विचारलं होतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली होती. मला तेव्हा वाटलं, पोरगी उद्धट आहे, उत्तरसुद्धा देत नाही.

बाहेर येऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, "मीच शिकवलं होतं. आणि तू ते केलंस तर आठ महिने तुझ्याशी बोलले नाही. माझं चुकलं. फार चुकलं."

तिने माझा हात घेऊन मांडीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच धरून बसली. उठायची घाई तिलाही नव्हती आणि मलाही. अंधार पडायला लागला तेव्हा मी विचारलं, जेवून जाशील का, आणि ती राहिली.

आता ती आतल्या खोलीत झोपली आहे. सहा वर्षांनी या घरात दुसरं कुणी झोपलं आहे. मी हे लिहिते आहे आणि मधून मधून थांबून तिचा श्वास ऐकते आहे. तोंड परक्याचं आणि आवाज माझा, असं माझ्या कामात नेहमीच होत आलं. पण माझे शब्द इतके जपून कुणी ठेवले असतील, असं मला कधी वाटलं नव्हतं. देवा, तुझे उपकार.